अंजिराचं झाड

प्रिय लिसांद्रोकाका,

ला पाल्मा बेटावर ज्वालामुखी फुटून आपली दोन्ही घरं लाव्ह्याखाली गेली, हे काराकासमध्ये तुम्हाला कळलंच असेल. रविवारी आईबाबांना आणि पोरांना घेऊन तिथे फिरायला गेले होते. आता तिथे पर्यटकांच्या बस थांबतात. बाबा त्या काळ्या दगडांवर बोट रोखून एका पर्यटकाला सांगत होते, "इथपर्यंत माझं. ते अंजिराचं झाड माझ्या भावाचं."

ज्या झाडावरून तुम्ही दोघं इतकी वर्षं बोलत नाही, तेच.

आई पुटपुटली, "जळून गेल्यावर देऊन टाकलं."

परतताना बाबा मला म्हणाले, "लिसांद्रोला कळवू नकोस. उगाच डोक्यावर बसेल."

म्हणून हे पत्र टाकणार नाही. तुम्हीच आपणहून एकदा फोन केलात तर बरं होईल.

तुमची पुतणी,
नायरा