सासूबाईंचा उपाय

सोमवार, ३

आलो एकदाचे! नवऱ्याचं घर, आता माझंही. खाली गाद्यांचा कारखाना, वर आम्ही. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. नवरा म्हणाला, भांडायला झकास जागा. जिन्यात कापूस, उशीवर कापूस, माझ्या भुवयांवरसुद्धा. तिसरा महिना लागलाय म्हणून सासूबाईंनी मला साधी पिशवी उचलू दिली नाही. थोरले दीर माल घेऊन फिरतीवर असतात. जाऊबाई अबोल आहेत, पण हात काय चालतो! त्या आणि सासूबाई वीतभर दाभणानं जाड गादीला टाके घालतात, एका दमात आरपार.

गुरुवार, ६

सकाळी कपड्यावर रक्ताचे डाग दिसले. तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत बाळाचा ठोका दाखवला. केवढा लगबगीचा! म्हणाल्या, सुरुवातीला असं खूपजणींना होतं. ठोका नीट असला तर बहुतेकींचं सगळं सुखरूप पार पडतं. काहींचं मूल दिवस भरायच्या आधी येतं, म्हणून तपासणी चुकवायची नाही. रक्त वाढलं, पोटात दुखलं तर लगेच यायचं. नुसतं झोपून राहिल्यानं काही थांबत नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांचं काय जातंय बोलायला.

शनिवार, ८

पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवल्यात. पाय वर, डोकं खाली. उठायचं नाही. सासूबाई सारख्या येऊन चादर उचलून बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नवऱ्याला सांगितलं तर हसला, आईचं मन राख म्हणाला. माझा फोन दुरुस्तीला दिलाय म्हणे. बिघडला कधी होता?

सोमवार, १०

रक्त वाढलं. दवाखान्यात जाते म्हणून उठले, तर सासूबाईंनी केसांना धरून मागे खेचलं. डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. मी नवऱ्याला हाक मारली. तो धावत आला. वाटलं, सुटले.

त्यानं माझे पाय धरले. गादीच्या दोरीनं घोटे बांधले. रडत होता आणि बांधत होता.

ही वही उशीच्या खोळीत दडवलीय.

मंगळवार, ११

जाऊबाई ताट घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच बोलल्या. त्यांनाही दिवस असताना असंच रक्त जात होतं. थांबेना, तेव्हा सासूबाईंनी वाटच शिवून टाकली. दाभणानं. खाली यंत्र चालू होतं. थोरल्या दिरांनी हात धरले होते. मूल आत मेलं, तापानं त्या फणफणल्या, शेवटी दवाखान्यात गर्भपिशवीच काढावी लागली. तिथं सासूबाईंनी सांगितलं, पडली.

मी विचारलं, पळून का नाही गेलात?

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, झालं ते माझ्यापुरतं. पुन्हा कुणाला करणार नाहीत."

बुधवार, १२

कळा येताहेत. चादर भिजली. सासूबाईंनी पाहिली. दोऱ्याला मेण लावत बसल्या. मग नवऱ्याला हळूच म्हणाल्या, उद्या.

गुरुवार

यंत्र सुरू झालं. दोघं आत आली. नवऱ्याचा गुडघा माझ्या छातीवर. मी हिसडा दिला, दाभण मांडीत घुसलं. ओरडले, ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

मागून जाऊबाई — हातात लोखंडी गज — सासूबाईंच्या डोक्यात. एकदा. पुन्हा. तोंडावर. दात फरशीवर सांडले. नवरा वळला तेव्हा त्याच्या गुडघ्यावर. तो जिन्यावरून गडगडत गेला.

दाराला कडी घातलीय. खाली यंत्र थांबलंय. दोरी कापली. जाऊबाईंनी त्यांच्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना सांगितलं. दवाखान्याची गाडी निघालीय. रक्त खूप — गाठी नाहीत अजून — बाळ असेल का —

जाऊबाई म्हणतात, लिही. आपण दोघी मेलो तर कुणाला तरी कळू दे.

सासूबाई कोपऱ्यात. छाती हलत नाही.

नवरा वर आलाय. दारावर घाव. कुऱ्हाड असावी. फळी तडकली —

जाऊबाई दाराला पाठ लावून उभ्या. पातं आत आलं — त्यांच्या खांद्यातून — त्या दारापासून हटत नाहीत —

खाली गाडीचा भोंगा. कुणीतरी ओरडतंय —

जाऊबाई म्हणतात, अगं, खिडकीतून हाक मार त्यांना, दार मी अजून