तुझी गाडी माझ्या दुकानात आली

प्रिय सुदाम,

तुला पत्रबित्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. जिवंत होतास तेव्हा समोरासमोर दुकानं असून आपण आठ-आठ दिवस बोलायचो नाही. पण काल तुझी गाडी माझ्याकडं दुरुस्तीला आली, आणि मग जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

वहिनींनी ती धक्का मारून आणवली. "भाऊजी, रोज सकाळी बंद पडून राह्यली. बॅटरी तर यांनी दोन-तीनदा बदलली, जायच्या आधी बी नवीच बसवल्ती," म्हणाल्या. दुकानापुढं गिऱ्हाइकं बसलेली. त्यात हसनाबादचे तात्या, तुझे जुने भक्त.

मी तुझ्यावर किती जळायचो, तुला माहीत होतं का रे? जालन्यात एकाच उस्तादाकडं आपण गाड्यांचं वायरिंग शिकलो, भोकरदनला दुकानंही बरोबरच टाकली. मी मीटर लावून व्होल्ट मोजायला घेतले की लोक चहाला उठून जायचे. तू मात्र इंजिन चालू असतानाच बॅटरीची वायर उपटून हातात धरायचास. गाडी बंद पडली तर डायनामो गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. झाला निकाल. लोक तोंडात बोट घालायचे. अशानं नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर उडतो, हे मी घसा कोरडा करून सांगायचो. कोण ऐकतंय?

तुझ्या दहाव्याला तर कहर झाला. "आता गाडी दाखवायची कोणाला?" तात्या म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. गेलेल्या माणसाचा हेवा करायला लाज वाटली, तरी केलाच.

तर काल मी मीटर लावला. डायनामोवर चौदा व्होल्ट भरले, बॅटरीवर जेमतेम बारा. म्हणजे डायनामो वीज बनवत होता, पण ती बॅटरीत पुरी पोचत नव्हती. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची जाड वायर सोडवली. वरून धडधाकट, आतून कुजून हिरवी भुकटी झालेली. दर खेपेला तू तुझा तोच खेळ केला असशील, गाडी चालू राहिली असेल, आणि तू दोष बॅटरीला दिला असशील. चांगल्या बॅटऱ्या काढून टाकल्यास, सुदाम.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांनी, तात्यांसमोर, पुराव्यासकट. ती वायर हातात घेऊन मी वळलो.

वहिनींनी हळूच विचारलं, "यांना हे सापडलं न्हाई का, भाऊजी?"

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मला खरं बोलवलं नाही.

"सापडलं व्हतं की," मी म्हणालो. "मला बोलला व्हता, अर्थची वायर बदलायचीय म्हणून. तेवढं राहून गेलं बघा."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा मंग. माणूस गेला, तरी त्याचं निदान बिलकुल बराबर. या अंगदनं काय, नुसती वायर बदलली."

नुसती वायर बदलली म्हणे. माझा मीटर, माझे हात, आणि माझ्याच तोंडानं मी तुला आणखी मोठा करून ठेवला. एव्हाना ही गोष्ट हसनाबादभर झाली असेल. तू असतास तर हसून हसून लोळला असतास, आणि मी पुन्हा आठ दिवस बोललो नसतो.

वहिनींच्या गाडीची काळजी करू नकोस, ती मी बघेन. खरं काय होतं ते त्यांच्या कानावर जाऊ देणार नाही, हा माझा शब्द. पण तुझ्यावर जळायचं सोडीन, असा शब्द मागू नकोस. सकाळी दुकान उघडतो तेव्हा समोर तुझं शटर बंद असतं. ज्याच्यावर जळावं असं दुसरं कोण उरलंय मला या गावात?

तुझा,
समोरच्या दुकानातला अंगद