शेटचं पथ्य

२१ जुलै, सोमवार

खोपटला जाऊन आले. डेपोच्या मागे तो जनावरांचा नवा डॉक्टर बसतो ना, अनिमेष, त्याच्याकडे. पिशवीत शेट. सासूबाईंचा बोका! रिक्षात मुतला, माझ्याच ड्रेसवर. आईंना सांगितलं तर म्हणतात, "घाबरला असंल माझा लेक." लेक म्हणे! पोटच्या दोन पोरांना कधी एवढं जवळ घेतलं नसेल.

किडन्या गेल्यात. "पूर्ण बरा होणार नाही, पण नीट ठेवलात तर दोन-तीन वर्षं आरामात काढेल." रोज कातडीखाली सलाईन, बीपीची गोळी. निघताना विचारलं, खायला काय देता? म्हटलं, कोळ्याचं घर आहे, सुकट, सुके बोंबील, दुसरं काय. त्याने कपाळाला हात लावला. "एखादी गोळी चुकली तरी चालेल. सुकं एकदम बंद. त्या मिठानेच मरेल तो."

घरी येऊन तोंड उघडलं, "आई, डॉक्टर म्हणतो खाण्यात—" झालं! "त्याचे खाण्यावर नजर ठेवू नको गो! मना शिकवाचा नाय!" बाजूला हेमांगी, माझी धाकटी जाऊ, दात काढून हसली. मग मीही गप्प बसले. मरेना का.

२४ जुलै

गटारी. आईंनी शेटला मांडीवर घेऊन बोंबील भरवले. उद्यापासून श्रावण. सुक्या मासळीचा ड्रम झाकण लावून माळ्यावर गेला. आता गौरी-गणपती जाईपर्यंत घरात मासळीचा काटा येणार नाही, बोक्यालाही नाही. शेटने दहीभात खायचा, तोंड वाकडं करून.

३० जुलै

सलाईन मीच देते. टॉवेलात गुंडाळायचं, मानेमागची कातडी उचलायची, सुई टोचायची. आज हात पार कोपरापर्यंत ओरबाडला त्याने. आई धावत आल्या — शेटचं नख तुटलं का बघायला!

३ ऑगस्ट

हेमांगीने मोबाइलवर शोधून काढलं. डोंबिवलीत एक डॉक्टरीण कुत्र्या-मांजरांना चिनी जडीबुटी देते. सुदेशभाऊजी बायकोला आणि बोक्याला गाडीतून घेऊन गेले, थाटात. मला रिक्षा!

जीभ बघितली म्हणे. मांडीच्या आत बोटं ठेवून नाडी बघितली. "शरीरातली ओल कमी झालीय." तपकिरी पावडर दिली, वास ओल्या गोणपाटासारखा. सलाईन चालूच ठेवा म्हणाली, तेवढी अक्कल आहे बाईला.

खाण्याचं तिनेही विचारलं. "मी सांगितलं, दहीभात," हेमांगी म्हणाली. खोटं नाही बोलली. श्रावणच आहे ना! मी भेंडी चिरत होते. चिरत राहिले.

१४ ऑगस्ट

शेट खिडकीवर उड्या मारतोय! रक्त तपासलं, आकडे खाली आलेत. अनिमेष डॉक्टर खूश. "पथ्य पाळलंत, बघा फरक." हे ऐकायला तिथे मी एकटी. घरी आरती हेमांगीची. आई म्हणतात, "हिचे हाताला यश हाय." मग माझ्याकडे वळून, "तुझे हातान नुसती सुई."

सगळ्या कोपरीत सांगत फिरतात. शेजारच्या शालनमावशी कुत्रा घेऊन आल्या, त्याचे गुडघे दाखवायला. आणि ही त्याची जीभ बघते! बारावी नापास, निघाली चिनी वैद्य व्हायला.

२२ ऑगस्ट

आज सगळ्यांसमोर सांगितलं आईंनी. यंदा गौर हेमांगी आणणार.

थोरली सून मी आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून गौर मी आणते. उंबरठ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं, त्यावरून मी. "जिनी माझे शेटला जगवला, तिचे हातान गौर येल." आमच्या ह्यांनी काय केलं? पापड मोडला आणि खाल्ला.

मी बोलू शकत होते. पावडरीने नाही, सुकं बंद झालं म्हणून जगला! जिभेवर आलं होतं. आणि मग वाटलं, का सांगू? कुणासाठी? थांबा जरा. गौरी जाऊ देत. ड्रम खाली येऊ दे. मग बघू हाताचं यश.

३१ ऑगस्ट

गौर आली. हेमांगीने माझा हिरवा शालू मागितला, दिला. मला ताट वाजवायचं काम.

३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. आज ड्रम उतरवला. मीच चढले स्टुलावर, कुणी सांगायच्या आधी! आईंनी जाडे बोंबील निवडून भाजले. शेट पायात घोटाळत ओरडत होता. "महिनाभर उपाशी माझा लेक!" हेमांगी आता पावडर बोंबलाच्या चुऱ्यात कालवते. "ताई, बघा ना, चाटूनपुसून खातो!"

म्हटलं, "अगं वा!"

९ सप्टेंबर

पाणी पीत सुटलाय. ओकतोय. हेमांगीने डोंबिवलीला फोन लावला, ती बाई म्हणाली लगेच रक्त तपासा. हे म्हणाले, खोपटला घेऊन जा. मीच अडवलं. "पावडरीचा चांगला गुण येतोय, आता त्यात खोडा कशाला?" आईंना पटलं. माझं बोलणं पहिल्यांदाच पटलं त्यांना.

१२ सप्टेंबर

शेट मोरीत जाऊन बसतो, गार लादीवर. तोंडाला घाण वास. सलाईन द्यायला गेले तर ओरबाडलं नाही. सुईच्या हातावर डोकं घासलं. मेल्या, आत्ताच का!

अजून सांगता येईल. उद्या बघते.

१५ सप्टेंबर

शेट गेला. सकाळी, आईंच्या मांडीवर.

मला रडू आलं. खोटं कशाला लिहू, आलं. मग बाहेर आरडाओरडा सुरू झाला आणि थांबलं. आईंनी पावडरीची बाटली खाडीत भिरकावली. "चिनी इख घातलास गो माझे लेकराला!" हेमांगीच्या झिंज्या धरल्या. सगळी आळी बघायला. भाऊजींनी सोडवलं तिला.

नंतर माझ्याकडे आली, नाक पुसत. "ताई, माझं काय चुकलं हो?" तिचे डोळे पुसले मी, पदराने. म्हटलं, "हाताला यश लागतं गं." इतकं बरं वाटलं! आत गार गार वाटलं.

१९ सप्टेंबर

आई म्हणाल्या, "पुढले वर्षी गौर तूच आण." जिंकले.

हेमांगी माहेरी गेलीय. घर गप्प. आईंना जेवण जात नाही, भातावर फक्त सुकं लागतं. दिवसभर शेटची ताटली घेऊन बसतात. पाय सुजलेत, बोट दाबलं की खड्डा राहतो. मला म्हणतात, तूच कर माझा सगळा, तुझाच भरवसा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र संपलं, ड्रम परत खाली आला. आईंना माणसांच्या दवाखान्यात नेलं. किडन्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "सुकी मासळी, मीठ, एकदम बंद. नाहीतर हातातून जातील."

रिक्षात आईंनी माझा हात धरला, तोच ओरबाडलेला. "खाण्याचा काय सांगला गो डॉक्टरनी?"

म्हटलं, "सगळं चालेल."