सतरा अक्षरी पासवर्ड आणि चार स्क्रू

तीर्थस्वरूप दौलतसिंगदादा यांना बाबूसिंगचा जय सेवालाल आणि पायांवर डोकं.

आपले गुडघे कसे आहेत, वहिनींचा खोकला थांबला का, यंदाची हळद शिजवून झाली का, ते सवडीनं कळवावं. इकडे मी खुशाल नाही. मी संतापलेला आहे. संताप तुमच्यावर नाही, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करणाऱ्या तुमच्या चिरंजीवांवर, म्हणजे किशनवर आहे; पण पोराच्या करणीबद्दल बापाला दोन शब्द ऐकावेच लागतात, म्हणून लिहितो. (फोन केला असता, पण आता यंत्र म्हटलं की डोकं उठतं. पाकिटाला तीन वेळा डिंक लावला आहे आणि वर लाल शाईनं ‘फक्त दौलतसिंगदादांनीच उघडावे’ असं लिहिलं आहे.)

दिवाळीत किशननं माझ्या कॉम्प्युटरला पासवर्ड घालून दिला. सतरा अक्षरांचा. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे, मध्येच एक टिंब, शेवटी उद्गारचिन्ह. म्हणाला, हा ओळखायला चोराला हजार वर्षं लागतील. तो पाठ करायला मला महिना लागला. छत्तीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्याची फेड झाली. एवढा बंदोबस्त कशाला, असं तुम्ही विचाराल. तुम्हाला ठाऊकच आहे, आसपासच्या पाच तांड्यांत कुणी गेलं की श्रद्धांजलीचं भाषण माझ्याकडे असतं. निरोप आला की दोन तासांत उभं राहायचं. मागच्या वर्षी अशाच घाईत एका माणसाचं बंधुप्रेम मी डोळ्यांत पाणी आणून वर्णन केलं, आणि समोर बसलेल्या त्याच्या भावाची त्याच्याशी बारा वर्षं कोर्टात केस चालू होती. तेव्हापासून ठरवलं की भाषणं आधीच लिहून ठेवायची, माणूस हिंडताफिरता असतानाच. एकतीस जणांची लिहून झाली होती. ती कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून पासवर्ड. यात माझं काय चुकलं?

पंधरवड्यापूर्वी मी दोन दिवस पोहरादेवीला गेलो होतो. इकडे तुमच्या भगिनीला नात रुचिकाच्या वाढदिवसाचे फोटो पाहायचे झाले. तिनं फोन करून पासवर्ड विचारला. मी सांगितला नाही. पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो, बायकोलासुद्धा नाही, हे किशनचंच वाक्य. रुपाबाई नुसतं “बरं” म्हणाली. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मला त्या ‘बरं’चा अर्थ कळायला हवा होता. तिनं कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला, ऑटोत मांडीवर घेतला आणि मंगरूळपीरला देवानंदच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवला. देवानंदनं पासवर्ड विचारलासुद्धा नाही. चार स्क्रू काढले, आतली हार्ड डिस्क (लिहिलेलं सगळं तिच्यात साठतं) बाहेर काढली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि माझी एकतीस माणसं पडद्यावर ओळीनं हजर झाली. हजार वर्षं म्हणे! मागवलेला चहा निवायच्या आत काम झालं होतं. परत आल्यावर मी भांडायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, पासवर्ड दाराले होता, म्या भिंतच काढली. अन् डबा घरचीच बाई घेऊन आली, तिले चोर कसा म्हनू?” दादा, आपल्या पत्र्याच्या ट्रंकेचं कुलूप बरं, ट्रंक उचलून नेली तरी ते कुलूपच राहतं. आता किशन सांगतो की डिस्कलाही वेगळं कुलूप घालता येतं, पण मी विचारलं नव्हतं म्हणून त्यानं घातलं नाही. अशी कुलपं असतात हे मला ठाऊक असतं, तर मी त्याला दिवाळीचा फराळ सोडून बसवलं असतं का?

बरं, फोटो पाहून थांबावं की नाही? ‘श्रद्धांजली’ हे नाव दिसल्यावर कोण थांबतो. दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. संध्याकाळपर्यंत साऱ्या तांड्याला कळलं की कुणाकुणाला मी वर पाठवलं आहे. आमच्या तांड्याचे नायक भाऊसिंग, वय अठ्ठ्याऐंशी, काठी टेकत दारात आले तेव्हा मला वाटलं, आता पंचायत बसते. त्यांची तक्रार एवढीच की भाषणात त्यांच्या बैलजोडीचा उल्लेख राहिला. तेव्हापासून ते रोज येतात आणि एकेक वाक्य वाढवून घेतात. शेजारची कमलीबाई (जिच्याशी रुपाबाई सांडपाण्यावरून सहा वर्षं बोलत नाही) आपल्याला साडेतीन पानं मिळाली म्हणून मिरवते आहे. तुमच्यावर दीड पान आहे. त्यातलं ‘मुलांवर उत्तम संस्कार केले’ हे वाक्य मी आजच काढून टाकलं.

राहिली रुपाबाईची फाईल. तिला लग्नानंतर मीच वाचायला शिकवलं, हा दोषही माझ्याच माथी. त्या फाईलमध्ये एकच ओळ होती: ‘कै. रुपाबाई भाकरी चांगली करीत.’ ती भांडली नाही. “माह्यात सांगण्यासारखं इतकंच होतं काय?” एवढं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

तरी चिरंजीवांचे कान उपटावेत. वहिनींना नमस्कार.

आपला,
बाबूसिंग

ता. क. किशनला फार बोलू नका, पोरगा गुणी आहे. खरं काम वेगळंच आहे. रुपाबाईला तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. माझा फोन ती उचलत नाही. तिला समजावून पाठवा. भाकरी सध्या मीच करतो, आणि तिच्यावर एक ओळसुद्धा लिहिण्यासारखी होत नाही.

आणखी ता. क. रुपा, टपाल आलं की पहिल्यांदा तुझ्या हाती पडणार आणि ‘फक्त दादांनीच उघडावे’ वाचलंस की तू उघडल्याशिवाय राहणार नाहीस, म्हणूनच ते लाल शाईत लिहिलं. (डिंक एकदाच लावला आहे, तोही पातळ.) तुझी ती फाईल मी किती वेळा उघडली असेल, सांगता येत नाही. बाकीचे तीस जण गेले असं समजून मला लिहिता आलं. तुझ्या नावामागं ‘कै.’ लिहिलं, भाकरीपर्यंत आलो, आणि पुढं तू नाहीस असं धरून लिहायला हात चालला नाही. पासवर्ड काढून टाकला आहे. तिकडून, मालेगावकडून, साडेतीनची गाडी येते तेव्हा मी रोज फाट्यावर असतो. वाचून झालं की पाकीट नीट चिकटवून दादांना दे, त्यांना वाटू दे की पत्र त्यांनाच आलं आहे.