जमिनीखालची स्टेज

बाबा, काल तुमच्या नातीनं टीव्हीवर तो जुना गेम लावला. आपण कॅसेट घालून खेळायचो तोच. बुटका माणूस डावीकडून उजवीकडे पळत सुटतो, भिंती चढतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो. रिमोट तिनं माझ्या हातात दिला आणि पहिली स्टेज मी न पडता पार केली. बोटांना सगळं आठवत होतं. दुसरी सुरू झाली, पडदा काळानिळा झाला, आणि मी माणसाला जागच्या जागी उभं ठेवलं.

वणीच्या बाजारातून तो गेम तुम्हीच आणला होता. खाणीतून पहिली पाळी करून तुम्ही यायचे, अंघोळ करायचे, तरी पापण्यांच्या कडेला कोळसा उरायचाच, काजळ घातल्यासारखा. मग चहा घेऊन माझ्याजवळ खाली बसायचे. माणसानं उडी मारली की तुमचे खांदेही उडायचे आणि आई आतून हसायची. दुसरी स्टेज जमिनीखालची. ती आली की तुम्ही म्हणायचे, "हे आलं आपलं गाव. इथं घाई नाही करा लागत." तुम्हाला गंमत वाटायची, मला नाही. तुम्ही रोज खरंच खाली जात होता. कधी ते कोण जाणे, पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तुम्ही खाणीत असताना माझा माणूस त्या स्टेजमधल्या खड्ड्यात पडता कामा नये. म्हणून तुम्ही घरी नसताना मी पहिलीच स्टेज पुन्हा पुन्हा खेळायची.

एके दिवशी मैत्रीण आली होती. तिच्यासमोर भित्री ठरायचं नव्हतं, म्हणून मी पुढे गेले. माणूस खड्ड्यात पडला आणि त्याच वेळी लाइन गेली. पडदा काळा, पंखा बंद. पाळी सुटायची वेळ टळली तरी तुम्ही आला नाहीत. शेजारच्या काकू दारात येऊन आईला सांगताहेत की खालची माणसं अजून वर आली नाहीत, आणि मी कोपऱ्यात बसून आहे, हे आपणच केलं असं समजून. दिवेलागणीला तुम्ही आलात, बाकीच्यांसोबत, हसत बोलत. विजेशिवाय वर आणणारी गाडी चालत नव्हती, म्हणून सगळा चढ पायी चढला होता. मला हुंदका आवरेना. तुम्ही म्हणालात, "कायले रडून राह्यली? चालत आलो म्हणून टाइम लागला."

त्यानंतर मी त्या गेमला हात लावला नाही. काहून खेळत नाही, असं तुम्ही विचारलं तेव्हा कंटाळा आला म्हणाले. दुसरी कॅसेट आणू का, असंही विचारलंत. तुमचा चेहरा जरा उतरला होता. शेवटी गेम काकूंच्या मुलांकडे गेला. पुढं तुम्ही निवृत्त होऊन पुसदला राहायला आलात, तोवर खाणीचा भोंगा मी पोटात ऐकत होते.

काल मी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पडले. काही झालं नाही. लाइट गेली नाही, कुणाचा फोन आला नाही. तुमची नात म्हणाली, "आई, अजून चान्स आहेत." मग मी मुद्दाम पडले, उडी न मारता, सरळ चालत जाऊन. ती माझ्यावर वैतागली आणि मला इतकं हसू आलं की डोळे भरून आले. इतकी वर्षं आवळून धरलेली मूठ सुटावी, तसं वाटलं.

हे पाठवायचं कुठं, आणि पाठवता आलं असतं तरी पुढची ओळ मी खोडलीच असती. पुसदच्या घरी, भर दुपारी, अंगणातल्या बाजेवर तुम्ही गेलात. सगळे रडत होते, मीही रडले. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, मला बरं वाटलं होतं. तुम्ही वर होता, उन्हात.