मण्यांचा अंदाज

नाशिक रोड, ता. ३ फेब्रुवारी १९७८
आज सकाळी निफाडहून चिरंजीव रंगनाथच्या क्वार्टरवर सुखरूप पोहोचलो. सूनबाई सिंधूस तिसरा महिना, पहिलेच नातवंड. सोबत अनाबेशाही द्राक्षांची पाटी आणली आहे. द्राक्षबागेत माझी तीस वर्षे गेली. घड दुरून पाहून त्यात मणी किती, ते मी सांगतो. अंदाज चुकत नाही. शेजारच्या कुसाबाईंनी सूनबाईच्या पोटाकडे पाहून थट्टा केली, "आबा, पाळणे दोन सांगून ठेवा बरं!" त्यांस सर्वांत मोठा घड दिला.

ता. १३ फेब्रुवारी
पोट पाच महिन्यांएवढे दिसते. बाळाचे ठोके मात्र लागत नाहीत. एका डॉक्टरांनी गाठ सांगितली. दुसऱ्यांनी दिवस मोजण्यात चूक सांगितली. आमची सूनबाई दिवस चुकणारी नव्हे! गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा द्राक्षगर्भ आहे. आत मूल नाही, नुसते पाण्याचे फोड. पिशवी त्वरित रिकामी करावी. माझ्या नातवास फळाचे नाव! द्राक्षे आपण मला शिकवू नयेत, असे बजावून सूनबाईस घरी आणले. रंगनाथ माझ्यापुढे बोलला नाही.

ता. २ मार्च
सकाळी रक्तस्राव झाला. त्यात पारदर्शक मणी, देठास देठ लागलेले. ओळखण्यास मला कोणाची आवश्यकता नव्हती. दवाखान्यात पिशवी रिकामी केली. सतरा दिवस कोठे होता, असे बाईंनी विचारले.

ता. १८ मार्च
बाई लघवी पुनःपुन्हा तपासवितात. पिशवी स्वच्छ झाली, मग हा त्रास कशासाठी? बाई म्हणाल्या, "बाबा, छाटलेल्या काडीवर एक डोळा राहिला, तर?"
फुटतो. मी जाणतो.

ता. ४ एप्रिल
तपासणी सांगते, गर्भ आहे. पिशवी रिकामी. पुन्हा तपासविले. गर्भ आहे. मग कोठे? तीनदा विचारले. बाई म्हणाल्या, खोकला आला तर तत्काळ घेऊन या.

ता. ९ एप्रिल
सूनबाईस खोकला. पदरावर रक्त —

ता. ११ एप्रिल
छातीचा फोटो. खिडकीशी धरला. दोन्ही बाजूंस पांढरे, गोल — लहानमोठे — वाढीस लागलेले —
सूनबाई खाटेवरून विचारते, "मामंजी, किती आहेत हो? तुमचा अंदाज चुकत नाही ना."
त्या दिवशी बाईंचा शब्द मी ऐकला असता —
एकदाच पाहिले. आकडा कळला आहे. तिला सांगतो की