आईने धुतलेल्या रिळाची व्यवस्था

लिहून ठेवणार मी, वय सव्वीस, शिक्षण सातवी नापास, धंदा फिल्मचे तुकडे कापून जोडणे, राहणार सध्या स्टुडिओमागची खोली. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कुणाची बळजबरी नाही. उद्या शूटिंगच्या बोटीवर निघतोय. कंपनी म्हणते, बोटीवर चढणाऱ्याने मागची निरवानिरव लिहून द्यावी. मरायचा बेत नाही, पण मला एका जागी बसवत नाही, म्हणून लिहितो.

१. घरातला माझा वाटा आईच्या नावे. दादाने तो विकू नये.

२. बँकेत असेल ते वहिनीला. दादाला नाही. त्याच्या हातात पैसा आला की मोटारसायकलचा सायलेन्सर बदलतो.

३. फिल्म जोडायचं यंत्र आणि भिंग बाईंना. बाई म्हणजे मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्या. त्या गोष्ट नसलेला सिनेमा करतात. फिल्मवर सुईने ओरखडे काढायचे, फिल्म मातीत पुरून कुजू द्यायची. बघायला मोजकी माणसं येतात, त्यातली निम्मी एसीसाठी.

४. आता मुख्य. घरी कपाटात वरच्या फळीवर एक रीळ आहे. सुट्टीत आलो तेव्हा बाईंच्या सांगण्यावरून ते मी परसात पुरलं होतं. आईला वाफा खणताना ते सापडलं. लेकाची वस्तू मातीत पडली म्हणून तिने साबणाने चोळून धुतलं, चिमटे लावून दोरीवर वाळत घातलं. मी डोक्याला हात लावला. तसंच नेऊन बाईंना दाखवलं. त्यांनी मात्र ते उजेडासमोर धरलं आणि म्हणाल्या, "अरे, यावर हा हात कुणाचा फिरलाय?" रंग असे ओघळले होते की त्यावरचा चेहरा पाण्याखाली श्वास घेतोय असं वाटे. त्याची प्रत काढून त्यांनी आपल्या सिनेमात घातली.

तो सिनेमा एका मोठ्या दिग्दर्शकाने पाहिला. त्याच्या मारामारीच्या पिक्चरमध्ये हिरोला ताप चढतो, तिथे त्याने फिल्म साबणाने धुऊन हुबेहूब तेच केलं. तो पिक्चर बघायला आम्ही घरचे सगळे गेलो. थेटरात शिट्ट्या! आई उठून म्हणाली, "अगं बाई, हे तर माझ्यासारखं धुतलंय!" दादा म्हणाला, "खाली बस गं, लोक हसतायत."

तेव्हापासून आई पिक्चरला गेलेली नाही. विचारलं तर म्हणते, "माझं काय त्यात, मी आपलं धुणं धुतलं."

सबब ते रीळ आणि त्याचे सगळे हक्क आईचे. पिक्चर कंपनीवाले ते मागायला आले तर दादाने चहा टाकावा. बोलणं आई करेल. द्यायचं की नाही, तीच ठरवेल.

५. दादा, त्या वाक्याचा राग मी बोटीवर नेत नाही. आईला विचारून ते रीळ प्रोजेक्टरने भिंतीवर लावून गल्लीला दाखव, आणि सुरू व्हायच्या आधी उभा राहून सांग हे कुणी केलंय. मग माझं चामड्याचं जॅकेट तुझं.

वाचून पाहिलं. खाडाखोड माझीच.

सही
ठिकाण: स्टुडिओमागची खोली
तारीख: रविवार, बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी

साक्षीदार पहिला, शेजारच्या खोलीतला लाइटवाला: माझ्यासमोर सही केली. जॅकेट मला देणार होता.

साक्षीदार दुसरी, बाई: सही माझ्यासमोर झाली. रिळाचीही साक्ष देते, ते काम याच्या आईंचं. त्यांनी परवानगी दिली तर माझ्या सिनेमाची नवी प्रत काढीन. सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर पहिलं नाव त्यांचं.